उभट ठिपका

श्रीगोंदा, १८ जानेवारी १९९८

प्रिय भीमराज,

जय भीम आणि सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर पोस्टमनच्या हातात असतानाच ओळखलं. साडेचार वर्षांनी लिहिलंस आणि विचारलंस काय, तर तुझ्या 'ठिपका' प्रोग्रॅममधलं जुनं स्क्रीन सेटिंग ठेवू की काढून टाकू. दुकान कसं चाललंय, अलीमचे केस पिकले का, काही नाही. वर मायना 'श्री. अलीम शेख यांस, सप्रेम नमस्कार'. माझ्या बायकोला, मुबारकबीला, नगरपालिकेची नोटीस आली की काय असं वाटलं. मी म्हटलं, नाही गं, आपला भीमाच आहे, पुण्यात राहून शिष्ट झालाय.

ठिपका तू विंडोजसाठी नव्यानं लिहिलास हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्यांदा लिहिलास तेव्हा तू नगरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतास. शनिवारी एस.टी.नं यायचास आणि थेट माझ्या दुकानाच्या माळ्यावर चढायचास. लग्नाच्या कॅसेटला सुरुवातीची नावं आणि चित्रं टाकायला तालुक्यात दुसरं काही नव्हतं. तू एकेक ठिपका भरून चित्र काढायचं आणि मी मॉनिटरसमोर कॅमेरा लावून ते शूट करायचं. रंग चारच, काळा, पांढरा, आकाशी आणि राणी कलर. कलश राणी, नवरदेवाचा फेटा राणी, बँडवाल्यांचे गालसुद्धा राणी. तेवढ्यावर आपण अख्ख्या तालुक्याची लग्नं साजरी केली आणि कोणी एका शब्दानं तक्रार केली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू म्हणतोस, तीनशेवीस-दोनशे ठिपक्यांचं ते सेटिंग आता कोणी वापरत नाही, उगाच अडगळ आहे. माझं मत, काढू नकोस. नेवाशाचा गोरक्षनाथ अजून त्याच जुन्या मशीनवर टायटलं करतो. तुझा प्रोग्रॅम त्याच्याकडे चालला नाही तर बिचाऱ्यानं काय करायचं? गरिबाच्या पोटावर पाय देऊ नये.

तुझ्या आई बऱ्या आहेत. बाजारच्या दिवशी मावशी दुकानापुढून जातात. मी हाक मारतो, त्या हात वर करतात, थांबत मात्र नाहीत. आधी थांबायच्या.

रोजे चालू आहेत, घसा कोरडा पडलाय, म्हणून आवरतो. रोज्यात माणूस खोटं बोलत नाही, तेव्हा गोरक्षनाथचं ध्यानात ठेव.

तुझा,
अलीम


श्रीगोंदा, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय भीमराज,

तू गोरक्षनाथला फोन केलास. करणारच, तुझा स्वभाव मला काय नवीन आहे? त्यानं सांगितलं की त्याचं जुनं मशीन दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं आणि त्याच्या रिकाम्या खोक्यात हल्ली कोंबडी अंडी घालते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, त्यातली गत झाली. मुबारकबीला सांगितलं तर म्हणाली, "रोज्यात खोटं बोललात, आता एक रोजा परत धरा." ईद झाल्यावर एकट्यानं धरला. घरात सगळे जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

तर गोरक्षनाथला सोडून देऊ. तुझ्या म्हणण्याप्रमाणे जुनी चित्रं नव्या सेटिंगात आपोआप उतरतील, एकही ठिपका गळणार नाही. ठिपका गळणार नाही हे कबूल. पण चित्र तेच राहणार नाही. जुन्या सेटिंगात ठिपका उभट असतो, गव्हाच्या दाण्यासारखा. नव्यात तो चौरस होतो. ठिपके तेवढेच, पण प्रत्येक जण थोडा बसका, म्हणून सगळं चित्रच खाली बसतं. मी मॉनिटरला पट्टी लावून मोजलंय. सहा इंच उंचीचा कलश पाच इंचाचा होतो. कलशाचं एवढं काही नाही, बसका कलश हंडा म्हणून खपून जाईल. चेहऱ्याचं तसं नसतं.

हे मला केव्हापासून माहीत आहे असं विचारशील. परवाच लक्षात आलं.

जुना ठिपका जुन्या मशीनवर ठेवा, असंही म्हणशील. ते मशीन हल्ली पाठीवर थाप मारल्याशिवाय जागं होत नाही. गुढीपाडव्याला नवीन विंडोजचं मशीन येणार आहे आणि तसल्या मशीनवर जुना ठिपका चालत नाही, मी विकणाऱ्याकडे लावून पाहिला, स्क्रीन काळी होऊन बसते. म्हणजे तू ते सेटिंग काढलंस की त्यात काढलेलं काहीही, जसं काढलं तसं, पुन्हा कुठे दिसायचं नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'त्या सेटिंगात मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट चित्र काढलं, ते कायमचं गेलं तर मला बरंच वाटेल.' त्यावर तुला काहीतरी लिहायचं होतं, पण गिऱ्हाईक आलंय.

ईदचा शीरखुर्मा मावशींकडे पाठवला होता. डबा धुऊन परत आला. आत भुईमुगाच्या शेंगा भरल्या होत्या, निरोप काही नव्हता.

अलीम


श्रीगोंदा, १ मार्च १९९८

भीमा,

त्या दिवशी गिऱ्हाईक कोणी आलं नव्हतं. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन मुबारकबीनं चुलीत घातली, कारण त्या तिन्हीत मी मूळ गोष्ट सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. ती म्हणाली, "पोटात दगड घेऊन किती दिवस जेवणार आहात? लिहून टाका एकदाचं." तेव्हा लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

यशोधराच्या लग्नाची गोष्ट. तुझ्या बहिणीच्या कॅसेटमध्ये बुद्धवंदनेच्या आधी वडिलांचा चेहरा यावा आणि खाली 'कालकथित रंभाजी यांच्या आशीर्वादाने' असं नाव यावं, ही तुझीच कल्पना. आणि रंभाजीकाकांचा फोटो तर नव्हता. साखर कारखान्याच्या कामगारांचा एक ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत त्यांचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. मग तू ते आठवून काढायला बसलास. आठ रविवार तू माऊस धरून आणि मावशी शेजारी स्टुलावर. "कान जरा खाली घे. गाल आत घे, अजून आत, त्येंचं गाल बसल्यालं हुतं." डाव्या भुवईवर उसाच्या मोळीनं पडलेली खोक तू तीन राणी ठिपक्यांनी दाखवलीस, तेव्हा मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा घेऊन वर आलो होतो, तो तसाच खाली घेऊन गेलो. मी काकांना चांगला ओळखत होतो. सायकल टेकवून माझ्या दुकानाच्या पायरीवर दम खायचे. भीमा, ते चित्र हुबेहूब त्यांचं होतं.

मग तू परीक्षेला नगरला गेलास. त्याच आठवड्यात मी पुण्याहून स्क्रीनचं नवीन कार्ड आणि मोठा मॉनिटर आणला. तुला विचारलं नाही. परत आलास की दाखवून चकित करायचं, असं डोक्यात होतं. ठिपक्यात तू नवीन सेटिंग पुस्तकात वाचून आधीच घालून ठेवलं होतंस, पण तसं मशीन आपण दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी यशोधराची टायटलं नव्या सेटिंगात उघडली. रेषा कशा सुबक, धारदार दिसत होत्या. काकांचा चेहरा जरा भरल्यासारखा वाटला, हे मला त्याच वेळी दिसलं. खोटं कशाला सांगू, दिसलं. पण नव्याची नवलाई. वाटलं, स्क्रीन मोठी आहे म्हणून असेल. कॅमेरा लावला आणि शूट करून टाकलं.

पुढचं तुला माहीत आहे. तुमच्या अंगणात दुपारी टी.व्ही. लावलेला, सगळी वस्ती जमलेली. काकांचा चेहरा आला. गाल भरलेले, मान आखूड, बसकं तोंड. मग शेजारची बायडाबाई म्हणाली, "अगं बाई, रंभाजी मेल्यावं लई सुधारला की." सगळे हसले. मनात वाईट नव्हतं त्यांच्या, पण हसले. मावशी चहा ठेवते म्हणून आत गेल्या.

तू मला पडवीत गाठलंस. तोंड उतरलं होतं तुझं. विचारलंस, "अलीमभाई, मशीनचं काही झालं का? मी असं काढलं नव्हतं." आणि मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, "मशीन काय करणार? चित्रच तू तसं काढलंस."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. सगळ्या वस्तीसमोर चूक कबूल करायची लाज वाटली. नव्या कार्डाची मिजास होती, ती उतरेल अशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तू माळ्यावरची तुझी वह्या-पुस्तकं उचललीस, मला म्हणालास, "मला बापाचं तोंडसुद्धा नीट आठवत नाही, मी कसली चित्रं काढणार?" आणि पुण्याची गाडी पकडलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. एस.टी. स्टँडपर्यंत मी तुझी ट्रंक घेऊन सोबत आलो, गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो, आणि बोललो काय, तर पोचल्यावर पत्र टाक.

तुझी आठवण चुकीची नव्हती. तुझा हात चुकला नव्हता. तुझ्या बापाचं तोंड मी बिघडवलं आणि नाव तुझं लावलं. भीमा, मला माफ कर. मी त्याला लायक आहे की नाही हे तूच ठरव, पण माफी मागितल्याशिवाय मला आता राहवत नाही.

सोबत फ्लॉपी पाठवतोय. मोठ्या फ्लॉपीला बुरशी धरायला लागली होती, म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर चित्र लहान फ्लॉपीवर उतरवून घेतलं. तुझ्या ऑफिसात एखादं जुनं मशीन असेलच. आधी जुन्या सेटिंगात उघड, मग नव्यात उघड. हातच्या काकणाला आरसा कशाला. त्यानंतर ते सेटिंग काढायचं असेल तर काढ, मी पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही.

अलीम


श्रीगोंदा, २२ मार्च १९९८

भीमा,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मला उत्तराचा हक्क नाही हे मुबारकबीनं समजावलं, आणि मला ते पटलंही. तरी पोस्टमन दिसला की मी दुकानाबाहेर येतो. तो लांबूनच हात हलवतो. आता तर तो माझं दुकान टाळून पलीकडच्या बाजूनं जायला लागलाय.

हे पत्र उत्तर मागायला नाही. एक गोष्ट तुला कळायला हवी म्हणून लिहितोय.

मंगळवारी मी मावशींकडे गेलो. म्हटलं, अर्धं कबूल करून भागायचं नाही. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, कार्ड, सेटिंग, पडवीतलं बोलणं. ठिपका उभट आणि ठिपका चौरस हे त्यांना सांगायला मी सुपातल्या दोन शेंगा घेतल्या, एक उभी धरली, एक आडवी. त्यांनी फोडायचं थांबवलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही की काय.

मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं, चित्र बदललं त्ये."

मी विचारलं, "कसं काय?"

"आठ ऐतवार म्या बसल्ये की त्येच्या शेजारी. मला माझ्या माणसाचं तोंड कळत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात.

"मला वाटलं, भीमानंच बदललं. सासरची मान्सं येनार, पाव्हनं येनार. बाप वाळका, गाल बसल्याला, कारखान्यात मोळ्या वाहून खंगल्याला. मला वाटलं पोराला लाज वाटली, म्हनून त्येनं बापाला जरा अंगानं भरला. मी म्हनलं, असू दे. शिकल्यालं पोरगं हाय, त्येला चार लोकांत वागायचं हाय. म्हनून काय बोलल्ये न्हाई."

भीमा, ही बाई साडेचार वर्षं असं समजून राहिली की तुला बापाची लाज वाटते. आणि तू तिकडे असं समजून राहिलास की तुला बाप आठवत नाही. आणि दोघांच्या मध्ये मी दुकान उघडून बसलोय, लोकांच्या लग्नांना हार-तुरे लावतोय. मला त्या दारात रडू आलं. मावशींनी पाणी दिलं. ओरडल्या नाहीत, म्हणून अजूनच वाईट वाटलं.

मी म्हटलं, "मावशी, चला दुकानात. जुन्या मशीनवर तुम्हाला काकांचं खरं तोंड दाखवतो." त्या लगेच उठल्या, लुगड्यावरची टरफलं झटकली. आम्ही दोघं बाजारातून चालत आलो. सगळा गाव बघत होता. मी मशीनच्या पाठीवर थाप मारली, एकदा, दोनदा, पाचदा. दिवा लागला नाही. आदल्या दिवशीच चालू होतं, आणि नेमकं त्या दिवशी मेलं. वायरमन आप्पासाहेबांना बोलावलं, त्यांनी उघडून पाहिलं आणि झाकण परत लावलं.

मावशी त्याच स्टुलावर बसून काळ्या काचेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. न्हाई दिसायचं म्हना आता," आणि गेल्या.

आता ते तोंड बघायचं तर फक्त तुझ्या हातात आहे. ठेव किंवा काढ, एवढंच मी पहिल्या पत्रात नीट विचारायला हवं होतं.

अलीम


श्रीगोंदा, ९ एप्रिल १९९८

भीमा,

काल बकरीद होती, दुकान बंद होतं, म्हणून तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. पत्र आहे का म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, आत बोटही फिरवलं. एक फ्लॉपी, बाकी काही नाही. मग फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीवर तुझं बारीक अक्षर दिसलं. 'अलीमभाई, आधी आईला दाखवा.'

ते 'अलीमभाई' मी मुबारकबीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कळलं, आता मावशींना आणायला जा."

मावशींना आणलं, स्टुलावर बसवलं. पाडव्याला आलेल्या नव्या मशीनवर तुझा नवा ठिपका चढवला. चांगला केलायस, रंगांना तर हिशेबच नाही. मी सेटिंगाची यादी उघडली. पहिल्या ओळीत आठशे-सहाशे, दुसऱ्या ओळीत सहाशेचाळीस-चारशेऐंशी. आणि तिसऱ्या ओळीत, जिथे जुन्या सेटिंगाचा आकडा असायचा तिथे, आकडा नाहीच. तिथे नुसतं नाव आहे. रंभाजी.

मी ते मोठ्यानं वाचलं. मावशींना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचलं. "आनि हे समद्यांच्या मशिनीत दिसनार?" मी म्हटलं, नेवासा, कर्जत, पारनेर, जिथे जिथे भीमाचा ठिपका जाईल तिथे दिसणार. ज्याला जुनं चित्र जसंच्या तसं बघायचं असेल त्याला काकांच्या नावावर बोट ठेवावं लागणार. त्यांनी पदर नीट केला, पाहुण्यांसमोर करतात तसा.

मग मी त्या ओळीवर दाबलं आणि तुझ्या फ्लॉपीतलं चित्र उघडलं.

आले काका. गाल आत बसलेले, मान लांब, टोपी जरा मागे सरकलेली, भुवईवर खोक. नव्या काचेवर, त्याच चार रंगांत, प्रत्येक ठिपका उभा. मावशी स्टूल पुढे ओढून अगदी जवळ गेल्या. काचेवर गालाच्या जागी हात ठेवला. आणि रोज संध्याकाळी कारखान्यातून परत आलेल्या माणसाला म्हणावं तशा आवाजात म्हणाल्या, "लई वाळलायसा."

माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, यशोधराची कॅसेट परत करायची, पहिल्यापासून. कॅमेरा मी लावीन म्हटलं. तर म्हणाल्या, "तू लाव, पन भीमा शेजारी पायजे. तुज्यावं माझा भरवसा न्हाई." हे त्या हसून म्हणाल्या, आणि पुढच्या बाजाराला दुकानात थांबून चहा घेईन म्हणूनही सांगितलं.

चौदा एप्रिलला जयंतीला येणार आहेस असं कळलं. मशीन मी अजून बंद केलेलं नाही. दर थोड्या वेळानं स्क्रीनवर चांदण्या उडायला लागतात, मग मी माऊस हलवतो आणि काका परत येतात. स्टँडवर मी येईन. गाडी कितीची आहे तेवढं कळव.

तुझा,
अलीमभाई